ह्यांच्या वर्षश्राद्धाला आलेली तीन भुतं

आज आमचे हे जाऊन वर्ष झालं आणि संध्याकाळी दारात तीन भुतं उभी राहिली.

खोटं नाही सांगत.

पांढरे झगे, काळे ओठ, गालांवर लाल ओघळ.
माझा सुहास किंचाळलाच. पन्नाशीचा माणूस!

भुतं म्हणजे समोरच्या फ्लॅटमधल्या व्हिएतनामच्या पोरी. इथे आखातात, रोल्ला भागातल्या सलूनमध्ये कामाला आहेत. लिन त्यांची म्होरकी.

त्यांना सगळ्यांचे सण हवेत. ईद, नाताळ, होळी. होळीला तर लिफ्ट रंगवली होती, वॉचमन अजून बोलून दाखवतो.
आज कसला तो हॅलोविन.

हे कुरकुरायचे, "स्वतःचे सण संपले काय यांचे?"
आणि सगळ्यांच्या आधी त्यांच्याकडे जाऊन बसायचे. घरात बूड टेकेल तर शपथ! पोरी ह्यांना 'ओंग' म्हणायच्या. म्हणजे आजोबा.

पण आम्ही श्राद्ध केलं तिथीने. त्या बिचाऱ्या तारीख धरून बसलेल्या, आणि तारीख काही आज नव्हती. त्यांना काय ठाऊक?

सुहास दार लोटायला लागला. "आई, आज नको. बरं दिसत नाही."

तेवढ्यात लिनला ह्यांचा हार घातलेला फोटो दिसला.
"आजी, आज ओंग का दिन?"
बाहीनेच तोंड पुसायला लागली. काळा रंग गालभर.
"सॉरी आजी. हम जाता है."

वर्षभर मी नुसत्या येरझाऱ्या घालतेय. हॉल ते गॅलरी, गॅलरी ते हॉल. गणपती नाही, दसरा नाही. टीव्हीचा आवाजसुद्धा बारीक.
दुपारी गुरुजी म्हणाले, दुखवटा संपला, आता सण करायला मोकळे.
सुहास म्हणतो, पहिला सण दिवाळी.
तोवर कोण थांबतंय!

मी म्हटलं, "पुसू नकोस गं. आत या. जेवा आधी."

तिन्ही भुतांनी फोटोला हात जोडले. लिन रडली. मग खीर-वडे असे हाणले की विचारू नका.

त्या उठल्या तशी मीही उठले.
"चला, मी पण येते."

"आई, तू? आज?"

"आजच."

नात टाळ्या वाजवत म्हणाली, "यल्ला आजी! चल चल!"

तीच ही पोस्ट टाकतेय. भावपूर्ण वगैरे काहीतरी लिहिते म्हणाली. मी म्हटलं, राहू दे, माझं मी सांगते.

अहो, तुम्ही आता निवांत राहा.
मी समोर सणाला जातेय.
वाट बघू नका.