कुमुदताईंचा फळा

महिन्यापूर्वी कुमुदताईंच्या भाचीचा फोन आला. "आत्या गेली," एवढंच म्हणाली... ज्या बाईंशी मी पंधरा वर्षं वाद घातला, त्यांना एक गोष्ट सांगायची राहूनच गेली, हे तो फोन ठेवताना लक्षात आलं.

अॅडव्होकेट कुमुद देवस्थळी. डोंबिवलीत चौकाचौकांत फळे असतात. कोणी सुविचार लिहितं, कोणी निधनवार्ता. ऐंशीच्या दशकात ताई वाचनालयाबाहेरच्या फळ्यावर दर रविवारी कायदा लिहू लागल्या. पदर खोचून, खुर्चीवर उभ्या राहून, पाच-सहा सोप्या ओळी. भाजीच्या पिशव्या खाली ठेवून लोक वाचायचे. ते बघून आम्हा तीन-चार वकिलांनाही हुरूप आला आणि आम्हीही आपापल्या चौकातला फळा गाठला. माझ्या फळ्यावर कायद्यापेक्षा माझं नाव ठसठशीत असायचं, हे कबूल.

एकदा ताईंनी आम्हाला कल्याण कोर्टाच्या बार रूममध्ये बसवून घेतलं आणि एक कागद पुढे केला. अशिलाची भानगड फळ्यावर आणायची नाही, खाली ऑफिसचा पत्ता लिहायचा नाही, आणि चूक झालीच तर त्याच फळ्यावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दुरुस्त करून आठ दिवस ठेवायची. मी उखडलो.

"वकिलांना नियम काय कमी आहेत, ताई? हे मोडले तर तुम्ही करणार काय?"

"काही नाही."

"मग पाळेल कोण?"

"ज्याला पाळायचेत तो," म्हणाल्या आणि चहा मागवला. बाकीच्यांनी सह्या केल्या, मी केली नाही.

पुढे एका रविवारी त्यांनी सोसायटीतल्या नॉमिनीबद्दल लिहिलं. सभासद गेल्यावर घर नॉमिनीच्या नावावर होतं, इथवर आल्या आणि फळा संपला. नावावर झालं म्हणून तो एकटा मालक होत नाही, बाकीच्या वारसांचा हक्क राहतोच, ही ओळ त्यांनी पुढच्या रविवारवर टाकली. बुधवारी ठाकुर्लीच्या एक बाई पेढे घेऊन त्यांच्याकडे आल्या. "ताई, तुमचा फळा वाचला नि डोक्यातलं भांडणच गेलं. दादा नॉमिनी आहे, म्हणजे आईचं घर त्याचंच ना! शुक्रवारी हक्क सोडल्याची सही करून मोकळी होते." नवऱ्याने टाकलेली बाई, त्या घराशिवाय तिला दुसरा आसरा नव्हता.

ताईंनी तिला तिथल्या तिथे खरं काय ते सांगितलं. सही टळली. एवढ्यावर भागलं असतं, कोणाला पत्ताही लागला नसता. पण आणखी किती जण हे वाचून गेले असतील, म्हणून भर दुपारी त्या पुन्हा खुर्चीवर चढल्या. "रविवारी मी अर्धवट लिहिलं. चूक माझी." पुढे राहिलेली ओळ, खाली पूर्ण नाव. आठ दिवस. कोर्टात समोरचे वकील हसून विचारायचे, "बाई, आज पूर्ण सांगताय ना?" दोन अशील आपले कागद परत घेऊन गेले. ताई रोज त्याच फळ्यासमोरून, मान ताठ ठेवून कोर्टात यायच्या. मी मुद्दाम तो फळा बघायला गेलो होतो. कितीतरी वेळ तिथून हलवेना. एवढी हिंमत मी आमच्या धंद्यात दुसऱ्या कोणाची पाहिलेली नाही. बाई केवढ्या मोठ्या आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

आता राहिलेली गोष्ट. त्या भावाचा वकील मी होतो. हक्कसोडपत्राचा मसुदा माझा. फळ्यावर वाचलं म्हणून सही करतेय, हे त्या बाईंनी माझ्याच टेबलासमोर बसून सांगितलं होतं. मी मान डोलावली आणि शुक्रवार ठरवला.

ताईंनी मला पुढे एकदाच विचारलं, "तुम्ही तो फळा वाचला होतात का हो?"

"नाही ताई, त्या आठवड्यात गडबडीत होतो."

"बरं," म्हणाल्या. पुन्हा कधी विषय काढला नाही...

वाचला होता, ताई. रविवारीच वाचला होता.