आमचं फाटकावरचं घर

किस्से जमायला फार काही लागत नाही. एक बंद फाटक लागतं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खोळंबलेली, हाताला काम नसलेली माणसं लागतात. आमच्या घराला दोन्ही आयतंच मिळालं होतं! मळवली स्टेशनच्या पुण्याकडच्या अंगाला, भाज्याकडे जाणारा गाडीरस्ता जिथे रूळ ओलांडायचा, तिथे माझे वडील फाटकवाले होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. फाटकाला लागून रेल्वेनं दिलेली दोन खोल्यांची चौकी, तेच आमचं घर. आबा, आई, माझा थोरला भाऊ दादा आणि मी, हौसा.

गेल्या आठवड्यात माझी लेक नर्सिंग शिकायला मुंबईला गेली. शाळेतल्या बाया मधल्या सुट्टीत मला घेरून म्हणाल्या, "हौसाबाई, लोणावळा स्टेशनवर तुम्ही डोळ्यांतून टिपूस काढलं नाहीत म्हणे! कमाल आहे बाई तुमची!"

म्हटलं, बसा. मलाही एकदा असंच घर सोडून पुण्याला शिकायला जायचं होतं, आणि आबा जाऊ देतील की नाही यावर माझं सगळं आयुष्य टांगलेलं होतं. ती गोष्ट सांगते, पण त्याआधी आबा कसे होते ते ऐका. हे सगळं विजेची इंजिनं यायच्या आधीचं, कोळशाच्या गाड्यांच्या काळातलं आहे.

*

आमच्या घरात घड्याळ नव्हतं. गाड्या होत्या. पहाटेची मालगाडी गेली की आई चूल पेटवायची. सकाळची पॅसेंजर गेली की माझी वेणीफणी. दुपारची मेल गेली की जेवण. मेल जाईपर्यंत आबा ताटावर बसायचे नाहीत, आणि ते बसल्याशिवाय आम्ही बसायचं नाही.

एका श्रावणात घाटात दरड आली आणि मेल अडकली. भाकऱ्या निवल्या, कालवणावर साय धरली. मी आणि दादा चुलीपुढे बसून एकमेकांच्या पोटातले आवाज ऐकत होतो. आबा बाहेर इरलं पांघरून, हातात झेंडी घेऊन रुळाकडे बघत उभे. "गाडी येऊ दे, मग वाढ," हे त्यांनी चौथ्यांदा सांगितलं तेव्हा आई दारात आली.

"अवं, दरड घाटात पडलीया! माझ्या पोरांच्या घशात न्हाई पडली!"

आबा विचारात पडले. एवढा सरळ मुद्दा त्यांच्या लक्षातच आला नव्हता! आत येऊन म्हणाले, "वाढ." आम्ही तुटून पडलो. त्यांनी मात्र आपलं ताट उचललं आणि उंबऱ्यावर जाऊन बसले, तोंड रुळाकडे करून. मेल आली ती दिवेलागणीला. तोवर त्यांचं ताट तिथेच होतं, आणि त्यातली अर्धी भाकरी तशीच होती.

*

आबांचा नियम एकच होता. गाडी यायच्या आधी फाटक लागलंच पाहिजे, आणि गाडी गेल्यावर एक क्षणही बंद राहता कामा नये. "लोकांचा वक्त आपला न्हाई," असं म्हणायचे. मग समोर कुणी का असेना.

दादाचं लग्न वाकसईला झालं. नवी नवरी घेऊन वऱ्हाड बैलगाड्यांतून भाज्याकडे, आमच्या मूळ घराकडे निघालं. पुढे वाजंत्री, मागे बायका, आणि सगळ्यांच्या पुढे नवा कोरा फेटा बांधलेले आबा. त्या दिवशी ते रजेवर होते. फाटकावर बदली माणूस होता. त्यानं बघितलं, मालगाडीचा सिग्नल पडलाय, पण समोरून साक्षात आबांचीच वरात येतेय! बिचाऱ्यानं फाटक तसंच उघडं ठेवलं आणि हात हलवून म्हणाला, "या, या आबा! बिगीबिगी आत घ्या!"

आबा वरातीतून तरातरा पुढे गेले, आणि दोन्ही हातांनी फाटक ओढून घेतलं. स्वतःच्या लेकाच्या वरातीच्या तोंडावर!

मालगाडीनं त्या दिवशी अंत पाहिला. वाजंत्रीवाल्यांना येत होत्या तेवढ्या चाली वाजवून झाल्या, मग त्यांनी पहिलीपासून पुन्हा धरल्या. नवरीची मावशी गाडीत उभी राहून सगळ्या मावळाला ऐकू जाईल अशी ओरडली, "आगं बाई! सासऱ्यानंच सुनंच्या तोंडावर दार लावलं की गं!"

गाडी गेली. आबांनी फाटक सताड उघडलं, नवरीच्या गाडीपाशी आले आणि म्हणाले, "ये पोरी. आता बिनघोर ये."

पुढे कितीतरी दिवसांनी मी वहिनीला विचारलं, "तुला त्या वेळी राग नाही आला?" ती म्हणाली, "मला वाटलं तुमच्यात अशीच रीत आसंल!" पण एवढं सांगते, वहिनीनं आबांना कधी उलटून शब्द दिला नाही. त्यांनी दारात उभं केलं ते कशासाठी, हे तिला आमच्याही आधी समजलं होतं.

*

दादा लोणावळ्याच्या इंजिन शेडमध्ये लागला आणि मग इंजिनावर कोळसा टाकणारा फायरमन झाला. तो चौथ्या-पाचव्या दिवशी घरी यायचा. पोराला वेळेवर खायला मिळत नाही म्हणून आईचा जीव वरखाली. पुण्याहून येणारी दुपारची मालगाडी आमच्या फाटकापाशी चढावर अगदी मेटाकुटीला येऊन चालायची. आईनं युक्ती काढली. भाकरी, ठेचा, कांदा फडक्यात बांधायचा, फडकं बांबूच्या टोकाला अडकवायचं आणि इंजिन आलं की वर धरायचं. दादानं तेवढं खेचून घ्यायचं!

पहिल्या दिवशी आई नवं लुगडं नेसून उभी राहिली. इंजिन आलं. कोळशानं काळा झालेला एक चेहरा बाहेर डोकावला. आईनं बांबू उंचावला, फडकं गेलं, आणि आई इंजिनाबरोबर धावत ओरडली, "सगळं खा रं बाळा! टाकू नगंस!"

मागून आबा शांतपणे म्हणाले, "त्यो आपला न्हवं."

दादाची ड्यूटी बदलली होती! गाडीवर दुसराच कुणीतरी होता. आई दिवसभर स्वतःवर चिडत राहिली. तिला भाकरीचं दुःख नव्हतं, आपलं लेकरू आपल्याला ओळखू आलं नाही याचं होतं.

तिसऱ्या दिवशी त्याच गाडीतून ते फडकं खाली पडलं. स्वच्छ धुतलेलं, आणि आत पाच पेरू. दादा घरी आला तेव्हा उलगडा झाला. तो फायरमन कासम नावाचा होता. लहानपणीच त्याची आई गेली होती. दादाला म्हणाला होता, "यार, आज तक किसी ने मुझे दौड़ के खाना नहीं दिया."

आईनं ऐकलं, पदर डोळ्यांना लावला आणि आबांना म्हणाली, "उद्यापास्नं पीठ वाईच जास्त मळते."

त्यानंतर कितीतरी वर्षं गाडीवर कोण आहे हे बघायची गरजच उरली नाही. जो काळा चेहरा बाहेर येईल त्याला भाकरी!

*

आबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. एके वर्षी फर्मान आलं की साहेब रुळावरच्या ट्रॉलीवरून येऊन प्रत्येक फाटकवाल्याची तोंडी परीक्षा घेणार. नापास झाला तर फाटक सुटणार. फाटक सुटलं म्हणजे चौकी सुटली, आणि चौकी सुटली म्हणजे घर!

मी तेव्हा अकरा वर्षांची. रेल्वेच्या पासावर लोणावळ्याच्या शाळेत जायची. स्टेशनातून नियमांचं मराठी पुस्तक आणलं आणि आबांना शिकवायला बसले. मला शिकवण्याची एकच पद्धत माहीत होती, आमच्या मास्तरांची! "उभं राहून उत्तर द्यायचं. हाताची घडी. मोठ्यानं!" चाळिशीचा माणूस, पण आबा मुकाट उभे राहायचे. चुकले की मी पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायची. आई हसून लोळायची.

साहेब आले. चांगले होते. म्हणाले, "बसा, बसून सांगा."

"न्हाई साहेब, उबं ऱ्हाऊनच सांगतो." आबांनी हाताची घडी घातली.

"का?"

"आमच्या मास्तरीन बाई रागावत्यात."

"कोण मास्तरीण?"

आबांनी चौकीपुढच्या चिंचेखाली बोट दाखवलं. तिथे मी दोन वेण्या घालून, पुस्तकात बोट धरून, त्यांचं एकेक उत्तर तपासत उभी होते!

फाटक मोडलं तर काय, रुळावर जनावर अडकलं तर काय, झेंडी हरवली तर काय, आबांनी सगळं धडाधडा सांगितलं. साहेबांनी जाताना त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि ट्रॉलीवर बसता बसता मला सलाम केला. त्या दिवशी जेवताना आबांनी आपल्या ताटातला गूळ उचलून माझ्या ताटात ठेवला. मला आजवर बक्षिसं मिळाली, त्यांत त्या गुळाची सर कशालाच नाही.

*

आता माझं. मी सातवीची परीक्षा पास झाले. मास्तर घरी येऊन म्हणाले, हिला पुण्याला बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात पाठवा, शिक्षिका होईल. आबा म्हणाले, "बगू."

तीन आठवडे "बगू" चाललं होतं. मग तात्या आले. तात्या म्हणजे आबांचे थोरले भाऊ, भाज्यात शेती सांभाळायचे. सगळं घर त्यांच्या शब्दात. त्यांनी माझ्यासाठी बेडश्याचं स्थळ आणलं होतं. आबांना म्हणाले,

"धोंडू, पोरगं निर्व्यसनी हाय. घरचे चार बैल हायेत. येत्या वैशाखात उरकून टाकू. पुन्याला गेलेली पोरगी मागारी येती व्हय?"

मी आत दाराला कान लावून उभी. आईनं माझा हात घट्ट धरलेला. मग आबांचा आवाज आला.

"तात्या, ह्या चौकीला छप्पर हाय ते हिच्यामुळं हाय. चाळिशीत हिनं मला पास केलं. आता हिची गाडी निघाली, तर मी फाटकाच्या जागी रुळावर आडवा पडू व्हय?"

तात्या ताडकन उठले. "मग आजपास्नं तुझ्या दारात पानीसुदिक पिनार न्हाई!" म्हणाले आणि निघाले.

मोठं अवघड होतं ते! कारण शेतमाल घेऊन स्टेशनाला जायचं तर वाट आमच्याच फाटकातून. तात्या रोज दोनदा यायचे, फाटक बंद असलं की तोंड फिरवून गाडीत बसून राहायचे. आई बादली घेऊन जायची आणि बैलांना पाणी पाजायची. त्यांना ऐकू जाईल इतपत म्हणायची, "बैलांशी आमचं भांडान न्हाई बाबा!" तात्या हूं की चूं करायचे नाहीत. मला मात्र वाईट वाटायचं. माझ्या पायी दोन भाऊ तुटले, हे मनातून जायचं नाही.

*

जायचा दिवस आला. स्टेशनवर आई आणि दादा होते. आबांची ड्यूटी होती, ते फाटक सोडून येणं शक्यच नव्हतं. मीही तशी अपेक्षा केली नव्हती, म्हणजे केली नाही असं स्वतःला बजावलं होतं. पॅसेंजरच्या इंजिनावर नेमका कासम होता. तो उडी मारून खाली आला, माझी ट्रंक बायकांच्या डब्यात चढवली आणि म्हणाला, "बहन, फिकर मत कर. तेरी माँ की रोटी खाई है."

गाडी सुटली. फाटक आलं. मी खिडकीतून अर्धी बाहेर आले होते. आबा नेहमीच्या जागी, ताठ, हिरवी झेंडी धरून उभे. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "आबा!" त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. नियमच तसा होता, सगळी गाडी नीट बघायची, शेवटच्या डब्यापर्यंत. तो नियम मीच त्यांच्याकडून पाठ करून घेतला होता! मला रडू फुटलं, आणि खरं सांगते, थोडा रागही आला.

पुढचं आईनं मला दिवाळीच्या सुट्टीत सांगितलं.

आई स्टेशनवरून चालत परत आली तेव्हा फाटक बंद होतं. गाडी जाऊन बराच वेळ झाला होता. दोन्ही बाजूंना बैलगाड्या खोळंबलेल्या, आणि सगळ्यात पुढे तात्यांची. आबा रुळाच्या कडेला दगडावर बसलेले, मांडीवर हिरवी झेंडी उघडीच, नजर पुण्याच्या दिशेला. कुणाची त्यांना हटकायची छाती होईना.

शेवटी तात्याच ओरडले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"धोंडू! फाटक उघड की! गाडी कवाच गेली!"

आबांनी मान वळवली नाही. म्हणाले, "न्हाई तात्या. अजून जातीया."

तात्या खाली उतरले, बैल सोडले, आबांच्या शेजारी त्याच दगडावर येऊन बसले, आणि चौकीकडे तोंड करून आईला म्हणाले, "पानी आना. दोगांनाबी."