स्वखुशीचा अर्ज

शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईच्या वाट्याला व्याकरण कमी आणि वेठबिगारी जास्त येते. पाहुण्यांचे आभार, फळ्यावरचा सुविचार, निवृत्त होणाऱ्या शिपाईकाकांचं मानपत्र, सगळं "बाई, तुमचं मराठी चांगलं आहे" एवढ्या एका वाक्यावर माझ्या गळ्यात पडतं. परळच्या एका गल्लीतल्या आमच्या शाळेत अठरा वर्षं मी हेच करते आहे. त्यातलं सगळ्यात मोठं काम वार्षिक अहवालाचं. जानेवारीतल्या स्नेहसंमेलनाआधी आठवडाभर मी वर्षाचे विजय गोळा करत बसते. कबड्डीत विभागात दुसरे, विज्ञान प्रदर्शनात उत्तेजनार्थ, वक्तृत्वात तिसरे. आणि शेवटी ते वाक्य, ज्याच्यासाठी लोक बाकीचा अहवाल निमूट ऐकून घेतात: दहावीचा निकाल सलग आठव्या वर्षी शंभर टक्के.

ते लिहिताना माझा हात कधी अडला नाही, हे आधीच कबूल करते. शंभर टक्के कसे लागतात हे मला पक्कं ठाऊक होतं. निकाल पाडतील अशी भीती वाटणाऱ्या मुलांना स्टाफरूममध्ये 'काठावरचे' म्हणतात. नववीची परीक्षा झाली की काठावरच्यांच्या आईवडिलांना बोलवायचं आणि गोड बोलून समजवायचं: मुलाला नापास करत नाही, दाखल्यावर 'नववी उत्तीर्ण' लिहून देतो, पण दाखला घेऊन जा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवा. मग ते मूल पास झालं काय आणि नापास झालं काय, आमच्या पटावर नाही. शाळेला कुणाला हाकलता येत नाही, म्हणून अर्ज पालकांनीच करायचा. त्याचा मजकूर अर्थातच माझा. "मी माझ्या पाल्याचा शाळा सोडल्याचा दाखला स्वखुशीने मागत आहे. याबाबत शाळेविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही." आधी मी 'स्वेच्छेने' लिहिलं होतं. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या, पालकांना कळेल असं सोपं लिहा. तेव्हा मी 'स्वखुशीने' केलं, आणि शब्द चपखल बसला म्हणून मनातल्या मनात खूशही झाले.

मोठ्या बाईंना दुष्ट ठरवून मोकळं होणं सोपं आहे. पण मी नोकरीला लागले तेव्हा प्रत्येक इयत्तेच्या तीन तुकड्या होत्या, आता जेमतेम एक भरते. आसपासच्या चाळी पडल्या, माणसं बदलापूर-विरारला गेली, राहिलेल्यांना इंग्रजी शाळा हवी. पट घसरला की शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो आणि त्याची कुठेही रवानगी होते. फाटकावरचा 'शंभर टक्के निकाल' हा फलक बघून वर्षाला जी दहा-बारा मुलं येतात, त्यांच्यावर आमची चूल पेटते. तेव्हा मीही त्या पापातली भागीदार होते, आणि चांगली हुशार भागीदार.

त्या वर्षी माझ्या नववीत एक मुलगी होती. गणितात पार ढ. अपूर्णांक दिसला की घामाघूम व्हायची. पण आवाज असा की प्रार्थनेनंतर तिने बातम्या वाचायला घेतल्या की मागच्या रांगेतली टवाळ पोरंही गप्प व्हायची. 'श' आणि 'ष' वेगळे उच्चारणारी गेल्या दहा वर्षांतली ती एकटीच. म्हणून जानेवारीत अहवाल वाचायला मी तिलाच उभं केलं. पांढऱ्या गणवेशात, माइकपासून बरोबर वीतभर लांब. "सलग आठव्या वर्षी," म्हणून ती एक क्षण थांबली, आणि मग "शंभर टक्के". टाळ्या थांबेनात. तो थांबा मी शिकवलेला नव्हता. मोठ्या बाईंनी माझ्याकडे वळून मान हलवली आणि मला उगाचच गलबलून आलं.

त्याच्या आधी, डिसेंबरात, करिअर मार्गदर्शनाचं शिबिर झालं होतं. एक बँकवाले माजी विद्यार्थी, एक परिचारिका, आणि जाहिरातींना आवाज देणाऱ्या एक बाई. प्रश्न विचारा म्हटल्यावर सगळे बुटांकडे बघत बसले. ही उठली. "मॅडम, आवाजाच्या लाइनमध्ये गणित लागतं का?" हॉल खदखदून हसला. त्या बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "गणित लागत नाही. पण माझ्याकडे शिकायला यायचं तर आधी बारावी होऊन ये." हिने ते वहीत लिहून घेतलं. मग मला येऊन म्हणाली, "बाई, म्हणजे फक्त तीन वर्षं काढायची ना?"

एप्रिलच्या शेवटी काठावरच्यांची यादी आली. तीन नावं, त्यातलं एक हिचं. बाकी दोघांच्या वडिलांनी शाळेत येऊन सह्या केल्या. हिचे वडील नाहीत, आणि आई लालबागला मसाल्याच्या दुकानात मिरचीची देठं खुडायला बसते. मे महिना म्हणजे त्यांचा सीझन, एक दिवस खाडा केला तर दुसरी बाई बसवतात. "ती येत नाही तर तुम्ही जा," मोठ्या बाई म्हणाल्या. "शनिवारपर्यंत कागद हवाय. तुमचं ऐकेल ती."

गेले. पर्समध्ये अर्ज घडी घालून. मसाला गल्लीत शिरल्याबरोबर शिंकांनी जीव नकोसा झाला. मिरची भाजत होते, आतून मसाला कुटणाऱ्या डंखांचा धडधडाट येत होता. दुकानाच्या पायरीवर पाच-सहा बायका तोंडाला पदर बांधून देठं खुडत होत्या. त्यांच्यात ती आई, आणि सुट्टी म्हणून शेजारी बसलेली लेक. मला बघून पोरीचा चेहरा उजळला. तिला वाटलं, मी मसाला करून घ्यायला आले.

आईने घाईघाईने पदर सोडला. मला बसायला गोणपाट झटकून दिलं. मी माझं नेहमीचं सुरू केलं. गणिताचा ताण, बाहेरून बसलं की सावकाश अभ्यास होतो, दहावी ती दहावीच. वर्षानुवर्षांचा सराव, एकही शब्द अडखळला नाही. आई मान डोलवत होती. माझे डोळे मिरचीने वाहत होते आणि तिला बिचारीला वाटलं, बाईंना आपल्या लेकीसाठी वाईट वाटतंय.

"बाईंनू, माका काय कळता?" ती म्हणाली. "तुमी सांगतास म्हणजे चेडवाच्या बऱ्यासाठीच सांगतास ना? खंय सही करू?" मग आपल्या हातांकडे बघितलं आणि लेकीला म्हणाली, "आधी वाच गो जरा. माझो चष्मो घराक रवलो."

हे माझ्या हिशेबात नव्हतं. पोरीने हात पुसले, कागद घेतला आणि वाचायला लागली. त्याच आवाजात. शेजारच्या बायकांचे हात थांबले. "मी माझ्या पाल्याचा शाळा सोडल्याचा दाखला," इथे तिचा आवाज जरा उतरला, तरी ती वाचत राहिली, "स्वखुशीने मागत आहे. याबाबत शाळेविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही."

मग कागदावरून नजर न उचलता म्हणाली, "बाई, स्वखुशी म्हणजे स्वतःची खुशी ना?"

"हो."

"मग यात स्वतः म्हणजे कोण?"

तिने उर्मटपणे विचारलं नव्हतं. वर्गात विग्रह करायला सांगितला की ती असंच विचारायची, शंका म्हणून. अठरा वर्षं मराठी शिकवते, आणि मीच निवडलेल्या एका शब्दाचा अर्थ मला सांगता येईना. रागही आला, तोही तिचाच. गप्प सही होऊ द्यायची सोडून ही पोरगी मला व्याकरण विचारते! मी म्हटलं, "अगं, तो फॉर्मचा शब्द असतो. सगळ्यांच्याच अर्जात असतो."

"बरं," ती म्हणाली, आणि कागद आईसमोर धरला. आईने सही केली. कोपऱ्यावर मिरचीचा लाल अंगठा उमटला. लेकीने मला पाणी आणून दिलं आणि परत देठं खुडायला बसली. मी गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत तिने मान वर केली नाही.

शनिवारी तो कागद पर्समध्ये होता. पर्स उघडली की ठसका लागायचा. मोठ्या बाईंनी हात पुढे केला. सही मिळाली नाही, असं खोटं सांगायचं रस्ताभर ठरवत आले होते. पण त्या दुसऱ्या कुणाला पाठवतील हे दिसत होतं.

"सही मिळाली आहे," मी म्हटलं. "पण कागद देणार नाही."

"म्हणजे?"

"मुलगी पटावर राहील. आणि तो मजकूर यापुढे वापरायचा असेल तर कुणीतरी दुसऱ्याने लिहावा. माझं मराठी तेवढं चांगलं नाही."

त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. पंखा कुरकुरत होता. "एक मूल वाचवायला निघालात," त्या शांतपणे म्हणाल्या, "आणि निकाल पडून पुढच्या जूनमध्ये तुकडी भरली नाही तर अतिरिक्तच्या यादीत पहिलं नाव कोणाचं येईल, माहीत आहे? सगळ्यात कनिष्ठ बाईंचं. त्यांना दोन लहान मुलं आहेत." ते खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. "ठीक आहे. राहू दे. पण तिचं गणित तुमच्या माथी. निकाल पडला तर अहवालात तुमच्या हातानेच लिहायचं."

ते दहावीचं वर्ष मी कसं काढलं ते माझं मला माहीत. गणिताचे सर भले, पण त्यांच्यासमोर ती गोठायची. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात मी तिला घेऊन बसायचे. आंधळ्याने आंधळ्याला रस्ता दाखवावा तशी आमची गत, मी स्वतः दहावीत गणितात काठावरच सुटलेली. सूत्रं ती कवितेसारखी धडाधड म्हणायची, कधी वापरायची ते कळायचं नाही. सहामाहीत नापास. पूर्वपरीक्षेत नापास. स्टाफरूममध्ये मी आले की बोलणं तुटायचं. कनिष्ठ बाई माझ्याशी नीट वागत होत्या, त्याचा मला अधिक त्रास व्हायचा. गणिताच्या पेपराच्या दिवशी मी परीक्षाकेंद्राच्या फाटकाबाहेर पालकांच्या घोळक्यात उभी होते. ती बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि फक्त खांदे उडवले.

निकाल दुपारी एकला लागतो. ऑफिसातल्या कॉम्प्युटरसमोर मोठ्या बाई, सर, मी. एकेक बैठक क्रमांक टाकत गेलो. सगळे पास. हिचा सर्वांत शेवटी, कारण मीच तो मागे ठेवला होता. मराठीत शाळेत पहिली. गणित गेलं होतं.

मला रडू येत होतं आणि ते नेमकं कशाचं, हे सांगता येणार नाही. तिच्यासाठी होतं, पण माझी जिरली म्हणूनही होतं. खोटं कशाला बोलू? मोठ्या बाईंनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि शिपाईकाकांना हाक मारून फाटकावरचा फलक उतरवायला सांगितलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "एकच विषय आहे. एटीकेटीवर अकरावी मिळेल तिला. गणित नंतर सोडवेल. आर्ट्सला घाला म्हणावं."

दहा दिवसांनी ती आली. दादरच्या एका कॉलेजात आर्ट्सला नाव लागत होतं, म्हणून दाखला हवा होता. जरा उंच झाल्यासारखी वाटली. अर्ज मराठीच्या बाईंकडून तपासून घ्यायचा, ही शाळेची जुनी रीत, म्हणून तिने तो आधी माझ्यासमोर ठेवला. मी सवयीने लाल पेन काढलं.

अक्षर सुरेख. "मी माझा शाळा सोडल्याचा दाखला स्वखुशीने मागत आहे."

अकरावीसाठीच्या अर्जात हा शब्द लागत नाही. खोड म्हणणार होते, पण पेनचं टोपण परत लावलं. खाली बघितलं. तिची सही होती, आईची सही होती. आणि त्या वाक्याच्या नि सह्यांच्या मधे तक्रारीची ओळ नव्हती. माझा मजकूर तिला तोंडपाठ होता हे तर दिसतच होतं.

"यात एक वाक्य असतं," मी म्हटलं. "राहिलं का?"

"नाही बाई," ती म्हणाली, त्याच स्वच्छ आवाजात. "माझं एवढंच आहे."

मी अर्जाच्या कोपऱ्यात 'तपासले' असं लिहून सही केली आणि तिला ऑफिसकडे पाठवलं.