कासमभाईच्या मच्छरदाण्या

शिंप्याच्या मशीनखाली कात्रणं साचतात तसे फौजेतले किस्से साचतात. सकाळी झाडून काढावेत, संध्याकाळी पुन्हा ढीग! त्यातली चार रंगीत कात्रणं आज काढतो. कासमभाई नंदुरबारला अजून दुकानात बसतात आणि हे सगळं खोटं आहे म्हणून गिऱ्हाइकांना सांगतात. सांगू द्या. माझी शाळा चौथीत सुटली, बडबड काही सुटली नाही.

तर मागच्या लढाईत आमची पलटण रोम शहरात पडली होती, एका थोरल्या नाचघराच्या पिछाडीला. कासमभाई पलटणीचे शिंपी. माझ्या पायाला गोळी चाटून गेलेली, म्हणून मला त्यांच्या हाताखाली इस्त्रीला बसवलं. नंदुरबारकडचे आम्ही दोघंच. आमची अहिराणी तिथं कोणाला कळत नसे, म्हणजे तोंडावर वाटेल ते बोलायची मोकळीक. आमचे सुभेदार साताऱ्याचे, आवाज बारीक आणि कापरा. ते आले की मी खणखणीत सलाम ठोकायचो आणि म्हणायचो, "कासमभाई, बोकड उना." म्हणजे बोकड आला. सुभेदार मान हलवायचे आणि पुढं जायचे.

•

रोममध्ये तेव्हा कापड मिळत नव्हतं, पण फॅशन कोणी सोडली नव्हती. बायांच्या अंगावर झकास कोट दिसायचे, आणि नीट बघितलं की ओळख पटायची. आमचंच पलटणीचं ब्लँकेट! चोरबाजारातून कुठं कुठं फिरून तिथं पोचलेलं.

एकदा तशी एक बाई ऐटीत समोरून आली. पाठीवर ब्लँकेटची काळी पट्टी सरळ खालपर्यंत. मी टाच जोडून सलाम ठोकला.

कासमभाई म्हणाले, "वळख शे का रे, सुपडू?"

मी म्हटलं, "सारा हिवाळा संगे निजनू ना भो."

•

मोजे तर कुठंच नव्हते. मग बाया उघड्या पोटऱ्यांवर मागून पेन्सिलीनं उभी रेघ ओढायच्या. लांबून वाटावं, मोज्याची शिवणच आहे. कासमभाईंना ही युक्ती ठाऊक नव्हती. पुढं चाललेल्या एका पोरीची रेघ वाकडी दिसली आणि शिंप्याचा जीव कासावीस झाला.

"दख ना, शिवण कशी वाकडी जाई ऱ्हायनी. कोन्ही शिवं व्हई?"

तेवढ्यात पावसाची सर आली आणि शिवण वाहून गेली. मी खरा प्रकार सांगितला. कासमभाईंनी बोटानं हवेत एक रेघ ओढून बघितली. मग म्हणाले, "पेन्सिलवर कपडा निंघाले लागनात, आते मन्हा धंदा बसना."

•

नाचघरात एक म्हातारी शिवणकाम बघायची. तिला आम्ही पियाबाई म्हणायचो. तिच्याकडं सुई-दोरा संपला की ती आमच्याकडं यायची. एके दिवशी आली ती आठ नाचणाऱ्या पोरींना घेऊन. घागरे पार फाटलेले, नाच तोंडावर आलेला. पोरींनी मापासाठी रांगेत हात वर केले.

आता आमच्या नंदुरबारला बाईच्या अंगाला शिंप्याचा टेप लागत नाही. घरून जुना कपडा येतो, त्यावरून नवा बेतायचा. कासमभाई भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. "सुपडू, यासले सांग, जुना झगा धाडी द्या."

पोरींनी धाडले. पांढरे, ताठ, कमरेपासून आडवे पसरलेले, वीतभर लांब. कासमभाईंनी एक उलटा-सुलटा करून बघितला.

"बाकीनं कापड कथं शे?"

मी म्हटलं, "लढाईमा खपनं."

त्यांचे डोळेच भरून आले. दुसऱ्या दिवशी पियाबाईनं आम्हाला तालीम दाखवली. शेगडी विझलेली, पोरी अंगठ्यांच्या टोकांवर उभ्या. कासमभाई हळहळले, "कोयसा नई ना भो, फरशी थंडी शे. म्हनीसन बिचाऱ्या बोटवर उभ्या ऱ्हातस."

त्यांच्या घरीही लग्नाची पोर होती. त्यांना आता स्वस्थ बसवेना.

•

त्या पोरीचा, नूरचा, निकाह ठरलेला होता आणि त्यासाठी कासमभाईंनी सुट्टीचा अर्ज टाकला होता. अर्ज सुभेदारांच्या टेबलावर. सुभेदार म्हणाले होते, "आधी तुमच्याकडचं सामान तपासणार. एक सुई कमी निघाली, तर निकाह पत्रातच वाचायचा."

आणि त्या सामानात होत्या शिवायला आलेल्या मच्छरदाण्या. पांढऱ्या, झिरझिरीत. हिवाळ्यात डास नव्हते. कासमभाईंनी कात्री उचलली.

मी म्हटलं, "भो, निकाह?"

"पोरी उघड्या नाचतीन का रे?"

मी लंगरातून, म्हणजे पलटणीच्या भटारखान्यातून, भाताची पेज आणून खळ दिली. दयेपोटी कासमभाईंनी घागरे वीतभर नाही, थेट गुडघ्यापर्यंत केले. पियाबाई हसून हसून खाली बसली, पण घेतले. इतक्या दयेला जाळी मात्र पुरली नाही. शेवटच्या पोरीला दोनच थर आले, तेही तोकडे.

•

नाचाला फौजेला पास होते. आम्ही वर माडीवर. खाली पहिल्याच रांगेत सुभेदार!

वाजंत्री सुरू झाली, पोरी गिरक्या घेत आल्या. खरं सांगतो, मच्छरदाणीचं असं सोनं झालेलं मी पुन्हा बघितलं नाही. तेवढ्यात एकीचा घागरा भर्रकन वर उडाला आणि आतल्या काठावर काळा सरकारी शिक्का, असा ढळढळीत! सुभेदार खुर्चीत पुढं सरकले. चष्मा पुसला. मग नाच संपेपर्यंत एकेका घागऱ्याकडं बघत राहिले.

कासमभाईंनी माझा हात धरला होता. म्हणाले, "नूरले पत्र लिखी दे, सुपडू."

सकाळी त्यांनी भरलेली पेटी उघडली आणि नूरसाठी घेतलेलं रेशीम टपालानं धाडायला बाहेर काढून ठेवलं. बाहेर बूट वाजले. सवयीनं माझ्या तोंडून गेलंच, "बोकड उना."

सुभेदार आत आले. सामानाच्या फळीकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. काखेतली घडी मशीनवर ठेवली. त्यांची स्वतःची मच्छरदाणी, आणि वर टाचणीनं लावलेला सुट्टीचा अर्ज, सही केलेला.

"शेवटनी पोरना घागरा तोकडा शे, कासमभाई," सुभेदार चक्क आमच्या अहिराणीत म्हणाले. "हाई लावा."

दारात जाऊन ते थांबले आणि माझ्याकडं वळले.

"बोकडले बी डोया ऱ्हातस, सुपडू. आनि कान बी."