शिडीचा पाय

आमच्या ह्यांची सगळी नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात, मेंटेनन्समध्ये गेली. त्यामुळे घरात शिडी लावायची म्हणजे सोहळाच असायचा. आमचं रो-हाउस दुमजली. पाण्याची टाकी गच्चीच्याही वरच्या स्लॅबवर, आणि तिथं जायला जिना नाही. अ‍ॅल्युमिनियमची लांब शिडी बोळातून बाहेर काढताना एक टोक मी धरायचं, एक त्यांनी. आधी वर विजेच्या तारा आहेत का ते बघायचं, मग खालची फरशी कोरडी करायची, मग शिडीच्या पायांची रबरं दाबून बघायची.

त्यांचा धाकटा भाऊ चांदवडकडच्या आमच्या गावी शेती बघायचा. नाशिकला आला की हे सगळं बघून हसायचा.

"दादा, तुमची शिडी लागेस्तोवर माझं काम होऊन जातं."

"होऊ दे. मला घाई नाही," हे म्हणायचे आणि पुन्हा एकदा रबर दाबायचे.

दोन वर्षांपूर्वी, उन्हाळा संपता संपता गावाला वादळ झालं आणि घराच्या पडवीवरचा पत्रा उचकटला. सकाळी दीर जुनी बांबूची शिडी घेऊन वर चढले. ओट्याचा कोबा ओला होता. शिडीचा पाय सरकला आणि ते डोक्यावर पडले. जाऊबाई आत स्वयंपाक करत होती.

"आवाज आला तो मला पत्र्याचाच वाटला, ताई," ती मला नंतर म्हणाली. "मी तव्यावरची भाकरी उलटवली, अन् मग बाहेर गेले."

ती भाकरी तिच्या मनातून अजून गेलेली नाही.

दिरांना नाशिकला आणलं. दवाखान्यात एकदाच ते नीट शुद्धीवर आले. भावाला बघून म्हणाले, "दादा, मी नाय घसरलो. शिडी घसरली."

"हो रे, माहितीये मला," हे म्हणाले. "तू आता बोलू नको." आणि त्यांच्या पायावरून हात फिरवत राहिले. त्यानंतर दीर बोललेच नाहीत. आठवड्याच्या आत गेले.

आमच्याकडची शिडी बोळात तशीच पडून राहिली. टाकी धुवायला आम्ही माणूस बोलवायला लागलो. तो स्वतःची शिडी घेऊन यायचा. तो आला की हे आत जाऊन टीव्ही मोठ्यानं लावून बसायचे.

वर्षश्राद्ध उरकल्यावर जाऊबाई आमच्याकडे राहायला आली. एका सकाळी चहा देता देता म्हणाली, "दादा, मला शिडी लावायला शिकवा."

ह्यांनी कप खाली ठेवला. "कशाला? मला फोन करत जा. मी येईन."

"तुम्ही नाशिकवरून येईस्तोवर पाऊस थांबतो का? पत्रा अजून तसाच हाय, वर दगड ठेवलेत. दर वेळी कुणाच्या दारात जाऊ? ती शिडी मी चुलीत घातली. आता दुसरी आणायला जीव धजत नाय."

हे उठून बोळाकडे गेले.

साडी पायरीत अडकते म्हणून त्यांनी तिला तसं चढू दिलं नाही. मी लेकीचा जुना पंजाबी ड्रेस आणि बूट काढून दिले. ह्यांच्यासमोर, म्हणजे तिच्या थोरल्या दिरासमोर, ती कधी डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही. ड्रेस घालून बाहेर आली तेव्हा ओढणी दोन्ही हातांनी गच्च धरून खाली बघत उभी राहिली. ह्यांनी तिच्याकडे न बघता सांगितलं, "ओढणी इथं ठेव. ती पण अडकते."

मग हळू आवाजात शिकवायला लागले. "पायाची बोटं शिडीच्या पायाला टेकव. सरळ उभी राहा. हात समोर ताठ कर. तळवे पायरीला पोचले पाहिजेत. नाही पोचले तर शिडी फार तिरकी, ती खालून सरकणार. कोपर वाकवावं लागलं तर फार उभी, ती तुला घेऊन मागे येणार." तिनं चुकत चुकत लावली, पुन्हा लावली. "ओल्यावर कधी लावायची नाही. आणि खाली धरायला माणूस असल्याशिवाय..." ते वाकून शिडीचं रबर दाबायला लागले.

"मी घरातच होते, दादा," ती म्हणाली. "एक हाक मारली असती."

"तो कुणालाच हाक मारायचा नाही. लहानपणापासून."

ती चढली. आम्ही दोघांनी खालून शिडी धरली होती. पहिल्या मजल्याच्या खिडकीखाली ती थांबली आणि तिनं वळून जमिनीकडे बघितलं.

"एवढ्या उंचीवरून?"

"थोडी कमीच होती," हे म्हणाले.

तिनं पायरीवर कपाळ टेकलं आणि रडायला लागली. वर्षभरात मी तिला असं रडताना बघितलं नव्हतं. बाराव्याला नाही, श्राद्धालाही नाही. ह्यांनी तिला खाली ये म्हटलं नाही. मान खाली घालून, दोन्ही हातांनी शिडी दाबून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "तोंड शिडीकडेच ठेव. एकेक पायरी ये."

जाताना ह्यांनी आमचीच शिडी पिकअपवर बांधून तिच्याबरोबर पाठवली.

पंधरवड्यानं तिचा फोन आला. पत्रा तिनं ठोकून घेतला होता, शेजारच्या काकूंनी खाली शिडी धरली होती.

"वरून आपलं सगळं रान दिसलं, ताई," ती म्हणाली. "त्यांना रोज दिसत असंल, नाय?"

मी ह्यांना सांगितलं. "बरं झालं," म्हणाले, आणि ताटातला अर्धा भात तसाच ठेवून हात धुवायला उठले.