मोटार विकून काका कुठे गेले?

बऱ्याच प्रकरणांतली नावे-गावे आता विसरलो आहे; पण ट्रकवर दोरखंडाने बांधलेली ती काळी मोटार आठवली, की तो सगळा दिवस डोळ्यांसमोर उभा राहतो. निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो.

सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितले नाही.

"साहेब, नेर रोडच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमधली जुनी मोटार ट्रकवर चढवून राह्यले. मोटारीचा मालक, तो म्हातारा, दोन दिवसांपासून दिसलाच नाही."

स्टेशन डायरीत नोंद करून मी हवालदाराला घेऊन निघालो. ट्रक फाटकातच सापडला. मोटार विलायती, गोल दिव्यांची. वर्षानुवर्षे शेडमध्ये पडून होती. टायर बसलेले, सीट उंदरांनी कुरतडलेली, टपावर बोटभर धूळ. मोटार विकत घेणारा दारव्ह्याचा पन्नाशीतला फिटर होता. त्याच्या तळहाताला पट्टी होती आणि बाहीवर रक्त.

"पत्रा लागला साहेब," तो म्हणाला.

विक्रीचा कागद होता, त्यावर काकांची सही होती, गाडीचे जुने नोंदणी-पुस्तकही होते. काका म्हणजे फोनवर सांगितलेला तो म्हातारा, एका जमीनदाराकडे जन्मभर ड्रायव्हर राहिलेले गृहस्थ. जमीनदाराने मरण्यापूर्वी मोटार त्यांच्याच नावावर करून दिली होती.

"काका कुठे आहेत?"

"मले नाही माहीत." त्याने मान खाली घातली. खोटे बोलायची सवय नसलेला माणूस असाच बोलतो.

ठाण्यात आणले तेव्हा काकांचा पुतण्या मिसिंगची तक्रार द्यायला येऊन बसलाच होता. काका एकटे राहत. त्यांचा मोबाइल घरी खाटेवर सापडला होता. पुतण्याने फिटरची बाही पाहिली आणि उसळला. "मी मोटार भंगारात देऊ म्हणत होतो, तर काका आयकत नव्हते. अन् याले कशी देल्ली? याले विचारा साहेब, आमच्या म्हाताऱ्याचं काय केलं यानं!"

दोन तास मी तेच विचारत राहिलो. गोडीने विचारले, आवाज चढवूनही विचारले. खुनाचा संशय आहे, हे स्पष्ट सांगितले. फिटरला घाम फुटला, पण तोंड उघडेना. बाहेर माणसे जमू लागली होती. हा मुसलमान, काका हिंदू; गावात कोण काय बोलू लागेल याची मला धास्ती होती. जिनिंगच्या विहिरीत गळ टाकायला माणसे पाठवायची तयारीही मी केली होती.

तेवढ्यात एक गोष्ट लक्षात आली. मी प्रश्न विचारला, की फिटर आधी पुतण्याकडे बघत होता आणि मग गप्प बसत होता. तक्रारदाराला मीच समोर खुर्ची देऊन बसवले होते! मी पुतण्याला जबाब लिहून द्यायला दुसऱ्या खोलीत पाठवले, दार लोटले आणि फिटरपुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

त्याने ग्लास रिकामा करून खाली ठेवला. "साहेब, काका लेकीकडं गेले, फुलसावंगीले. तिनं जातीबाहेर लग्न केलं म्हणून या पुतण्यानं अन् घरच्यायनं बारा वर्षं बापाले भेटू देल्लं नाही. पुतण्या फोन करून माघारी बोलावंल म्हणून फोन घरीच ठेवला. म्हणाले, लेकीनं ठेवून घेतलं तर मी परत येत नाही. मोटार मात्र तू आत्ताच ने, पण मोडू नको. तिचा फोन आल्याबिगर कोणाले सांगू नको. म्या जबान देल्ली."

मी लगेच तिकडच्या ठाण्याला फोन लावला. साध्या कपड्यांतला शिपाई त्या घरी जाईपर्यंतचा पाऊण तास मला फार जड गेला. शेवटी फोन वाजला. बाईचा आवाज होता.

"साहेब, बाबा जेवून राह्यले. पाच मिनिटं थांबता काय?"

"थांबतो ताई, आरामात जेवू द्या," मी म्हणालो. खुर्चीत टेकलो, तेव्हा कुठे कळले की सकाळपासून आपण धड श्वासही घेतलेला नाही. हवालदार तर मोठ्याने हसायलाच लागला.

पुढे काकांशी बोलून मिसिंगचा कागद निकाली काढला. लेकीने पहिल्याच हाकेला दार उघडले होते. आनंदात फोन करायचाच राहून गेला होता. पुतण्याला समज दिली. ट्रक सोडला.

निघताना फिटरला विचारले, "अरे, खुनाची गोष्ट चालली होती. तेव्हा तरी बोलायचे."

"अन् लेकीनं दार नसतं उघडलं तर साहेब? काका माघारी इथंच आले असते. मंग त्यायनं कोणाले तोंड दाखवलं असतं?"

मी त्याची माफी मागितली. वर्दीत असताना मी फार कमी वेळा माफी मागितली आहे. त्यानंतर चौकशीच्या वेळी तक्रारदाराला मी कधीच खोलीत बसू दिले नाही. आणि कोणी गप्प बसला, की तो काय लपवतो आहे हे विचारण्याआधी, तो कोणाला सांभाळतो आहे, हे शोधू लागलो.