सुधाची शंभर ओळींची शिक्षा

मंडळी, साठ वर्षांपूर्वीचा बदला मी आज घेतला!

१९६२ साली अकोल्याच्या शाळेत मी "जेवून राहिली" म्हटलं, तर मॉनिटर सुधानं माझं नाव फळ्यावर लिहिलं, 'गावंढळ' म्हणून. बाईंनी मले "मी जेवत आहे" शंभर वेळा लिहायले लावलं. सारा वर्ग हसला.

आज पुण्याची झालेली सुधा आमच्या शाळेच्या ग्रुपवर विचारते, "स्पॅनिश शिकतेय. 'एस्तोय कोमिएन्दो' म्हणजे रोजचं जेवणं नाही, आत्ता घास तोंडात आहे ते. 'जेवतेय' तर हल्लीच्या सवयीलाही चालतं; मराठीत नेमकं कसं म्हणू?"

मी लिहिलं, "जेवून राहिली."

"वा! अगदी हेच!" तिचं उत्तर आलं.

"मंग आता शंभर वेळा लिही. अन् फोटो पाठवजो."

दोन तास झाले, फोटो काही आला नाही. मी वाट पाहून राहिली.

तुमी सांगा, सोडू काय तिले?